आरक्षणसमाप्तीचा वाद (मुळशी तालुक्याच्या संदर्भात)

शिक्षणातील प्रवेश व नोकरभरती यांत मागास समाजघटकांसाठी राखीव ठेवलेल्या जागा बंद कराव्यात की चालू ठेवाव्यात, यावरचा राजकीय, सामाजिक व न्यायालयीन वाद. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या खटल्यात प्रवेश देताना वंश विचारात घेण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर दोनच महिन्यांनी जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटीत मराठा समाजाला आरक्षण मिळावे म्हणून आंदोलन पेटले. महाराष्ट्रात ‘आरक्षण संपवा’ आणि ‘आम्हालाही द्या’ या दोन मागण्या एकाच गावच्या पारावर ऐकू येतात. येथील वादाचे हे पहिले वैशिष्ट्य होय.

उगम : महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे शेतकरी व शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाचा प्रश्न मांडला. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ व १६ मधून या धोरणाला देशभर आधार मिळाला.

‘बाबासाहेबांनी आरक्षण दहाच वर्षांसाठी दिले होते’ हे विधान या वादात हमखास केले जाते. ते चुकीचे आहे. दहा वर्षांची मुदत अनुच्छेद ३३४ मध्ये आहे आणि ती फक्त लोकसभा व विधानसभांतील राखीव मतदारसंघांना लागू होती. ती वेळोवेळी वाढवत आता २५ जानेवारी २०३० पर्यंत नेली आहे. शिक्षण व नोकऱ्यांतील आरक्षणाला घटनेत कोणतीही कालमर्यादा नाही. मात्र राखीव जागा एकूण जागांच्या तुलनेत अल्पसंख्य असाव्यात, असे डॉ. आंबेडकरांनी ३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितले होते, हेही तितकेच खरे.

न्यायनिवाडे : सर्वोच्च न्यायालयाच्या १६ नोव्हेंबर १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने एकूण आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा घातली. तरी महाराष्ट्रात अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती व भटक्या जमाती ११, विशेष मागास प्रवर्ग २ आणि इतर मागासवर्ग १९ अशी ५२ टक्क्यांची विभागणी आहे. मराठा समाजासाठी २०१८ साली केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केला. २० फेब्रुवारी २०२४ रोजी विधिमंडळाने पुन्हा १० टक्के आरक्षण मंजूर केले. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे १० टक्के धरता बेरीज ७२ वर जाते. खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याची नाराजी या आकड्यातून येते आणि ती समजण्यासारखी आहे.

एका ठिकाणी मात्र आरक्षण खरोखरच थांबले. पदोन्नतीतील आरक्षणाचा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द ठरवला. पुढे ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीची सर्व पदे सेवाज्येष्ठतेनुसार भरण्याचे ठरले. मागासवर्गीय कर्मचारी संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला.

मुळशीतील स्थिती : पुणे जिल्ह्यातील या तालुक्याचे मुख्यालय पौड. टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये येथे मुळशी सत्याग्रह झाला. आज प्रकल्पग्रस्तांसाठी शासकीय भरतीत ५ टक्के समांतर आरक्षण आहे. म्हणजे भरपाईचा विचार जातीपुरता मर्यादित नाही, तो जमीन गमावलेल्यांनाही लागू केला गेला आहे.

तालुक्याच्या पूर्वेला हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान संकुल आहे. तेथील खासगी कंपन्यांच्या भरतीला जातनिहाय आरक्षण लागू नाही. लवळ्याच्या टेकड्यांवर खासगी विद्यापीठे उभी आहेत. खासगी विनाअनुदानित संस्थांवर शासन आरक्षण लादू शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑगस्ट २००५ रोजी पुण्याच्याच पी. ए. इनामदार यांच्या खटल्यात दिला. त्यावर उतारा म्हणून ९३ वी घटनादुरुस्ती झाली आणि अनुच्छेद १५(५) आला. खासगी नोकऱ्यांसाठी असा अनुच्छेद आजही नाही. सरकारी नोकऱ्यांतही सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने बाह्य यंत्रणांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. आरक्षण मागच्या दाराने संपवले जात असल्याची टीका तेव्हा झाली आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय रद्द करावा लागला.

पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी, कातकरी व धनगर वस्त्या आहेत. कातकरी ही केंद्राच्या यादीतील विशेष असुरक्षित आदिम जमात. अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात, मुलांची शाळा मध्येच सुटते आणि आरक्षण ज्या दारावर सुरू होते तिथपर्यंत ती मुले पोचतच नाहीत. जातीच्या दाखल्याचेही तसेच. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूची नोंद, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र अशी कागदपत्रे जोडून अर्ज करायचा, मग जात पडताळणी समितीकडून वैधता प्रमाणपत्र मिळवायचे. मराठा कुटुंबे इतर मागासवर्गात मोडणारी ‘कुणबी’ नोंद शोधण्यासाठी मोडी वाचकांकडे जुनी दप्तरे घेऊन जातात. ज्यांच्या घरात कधी दप्तरच नव्हते, त्यांनी काय शोधायचे?

दोन्ही बाजू : समाप्तीच्या बाजूचे लोक गुणवत्ता, जातीची ओळख घट्ट होण्याचा धोका आणि सुस्थित कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या मिळणारा लाभ हे मुद्दे मांडतात. त्यातील शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे. इतर मागासवर्गाला ८ लाख रुपयांची उन्नत गटाची मर्यादा आहे, अनुसूचित जाती-जमातींना ती नाही. १ ऑगस्ट २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली आणि मूळचे अमरावतीचे न्या. भूषण गवई यांनी या प्रवर्गांतही उन्नत गट ठरवण्याचा आग्रह धरला. आरक्षणाच्या बाजूचे लोक रिक्त पदांचा अनुशेष, खासगी क्षेत्रातील नगण्य प्रतिनिधित्व आणि आजही टिकून असलेला जातिभेद दाखवतात.

आरक्षणाचा लाभ अधिक गरजू घटकांकडे वळवणे आवश्यक आहे. सरसकट समाप्तीचा पहिला फटका मात्र ज्यांना तो अजून मिळालेलाच नाही त्यांना बसेल. मुळशीतल्या कातकरी मुलाला पडताळणीसाठी आजही ६ सप्टेंबर १९५० या अनुसूचित जमातींसाठीच्या मानीव दिनांकापूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो.