सेल्सियसचा बर्फ आणि माझा सेन्सर

तर मंडळी, डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर जोडायला फार काही लागत नाही. तीन वायरी, ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर, झालं! पण तो खरं बोलतोय का, हे कसं ठरवायचं? मी अजून १७४२ सालचीच युक्ती वापरतो.

त्या साली स्वीडनमधल्या उप्सालाच्या अँडर्स सेल्सियस या खगोलशास्त्रज्ञाने मोजपट्टीची दोन टोकं पक्की केली: वितळता बर्फ आणि उकळतं पाणी. गंमत म्हणजे त्याच्या पट्टीवर उकळतं पाणी ० आणि बर्फ १००! १७४४ मध्ये तो वारला, त्यानंतर ही पट्टी उलटी झाली.

पण त्याचं खरं काम वेगळंच. हवेचा दाब बदलला तरी बर्फाचा बिंदू जागचा हलत नाही, उकळबिंदू मात्र हलतो, हे त्याने प्रयोगांनी दाखवलं.

म्हणूनच पुण्यात, साधारण ५६० मीटर उंचीवर, स्टीलच्या नळीतला सेन्सर उकळत्या पाण्यात ९८ दाखवतो तेव्हा मी त्याला नापास करत नाही. बर्फाच्या चुऱ्यात ० च्या आगेमागे अर्ध्या अंशात आला, की पास!

असो. सेन्सरवर शंका आली, तर प्रोग्राम उसवण्याआधी फ्रीज उघडा.