ताणणाऱ्या कापडासाठी टाका कोणता?

टी-शर्ट, ट्रॅक पँट, लेगिंग हे होजिअरी कापडाचे कपडे घरी शिवणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो. शिवण दिसते सुबक. पण कपडा प्रथमच डोक्यातून घालताना गळ्यापाशी दोरा तुटतो. दोष बहुधा कापडाचा नसून टाक्याचा असतो.

साध्या सुती कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना छेदून जातात. होजिअरीत धाग्याचे फास एकमेकांत गुंतवलेले असतात. ओढल्यावर ते पसरतात आणि सोडल्यावर पूर्ववत होतात. सरळ टाक्यातील वरचा व बॉबिनचा दोरा मात्र जवळजवळ सरळ रेषेत असल्याने ताणाला जागा उरत नाही. म्हणूनच शिवण कापडाइतकी ताणली गेली पाहिजे, हा मूळ नियम होय.

प्रथम कापडाचा ताण मोजावा. १० सें.मी. कापड सहजपणे १५ सें.मी.पर्यंत गेले, तर ताण ५० टक्के समजावा.

बाजू व बाह्या : चार दोऱ्यांचा ओव्हरलॉक सर्वांत योग्य. घरगुती यंत्रावर अरुंद झिगझॅग वापरावा. रुंदी अर्धा ते एक मि.मी., लांबी सुमारे अडीच मि.मी. ठेवावी. सरळ टाक्याने शिवून नंतर कडेला इंटरलॉक करून घेतल्याने कड उसवत नाही, पण शिवण लवचिक होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

खांदा : येथे ताण नकोच असतो. सुती फीत लावून सरळ टाका घातल्यास खांदा ओघळत नाही.

खालची दुमड : कारखान्यात यासाठी कव्हरस्टिच यंत्र असते. घरी जोडसुई वापरता येते. वर दोन समांतर रेषा दिसतात, तर आतून बॉबिनचा दोरा नागमोडी जातो.

लेगिंगची मधली शिवण : दोन टाके पुढे, एक मागे असा तिहेरी सरळ टाका बळकट ठरतो. तो उसवणे कठीण असल्याने माप आधी तपासावे.

ज्यांच्याकडे केवळ सरळ टाक्याचे पायमशीन आहे, त्यांनी पॉलिएस्टर दोरा घ्यावा, त्याचा ताण किंचित सैल करावा आणि कापड हलकेच ओढून शिवावे. फार ओढल्यास शिवणीला लाटा येतात. ही युक्ती कमी ताणाच्या कापडापुरतीच उपयोगी आहे.

टाक्याइतकीच सुईही महत्त्वाची आहे. टोकदार सुई धागा तोडते व तेथे छिद्र वाढत जाते. गोलाकार टोकाची बॉलपॉइंट सुई धाग्यांमधून वाट काढते. लायक्रामिश्रित कापडाला स्ट्रेच सुई लावावी. टाके सुटू लागल्यास प्रथम सुई बदलून पाहावी.

कपड्याला हात लावण्यापूर्वी त्याच कापडाच्या कात्रणावर शिवण घालून ती पूर्ण ताणून पाहावी. दोरा तुटला नाही आणि सोडल्यावर शिवण सपाट बसली, की टाका योग्य समजावा.