नंबर पुसू नका

वाशी आज धाराशिव जिल्ह्यात आहे, शेजारची बार्शी सोलापुरात. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत मात्र या दोन गावांच्या मध्ये राज्याची सीमा होती. वाशी निजामाच्या हैदराबाद संस्थानात आणि बार्शी मुंबई प्रांतात. पलीकडे स्टेट काँग्रेसची सशस्त्र केंद्रं चालत, अलीकडे रझाकारांची दहशत होती. १३ सप्टेंबरला सोलापूरहून निघालेल्या भारतीय फौजेने पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. लढाई पाच दिवसांत आटोपली. पण लढाई संपली म्हणून हत्यारं संपत नाहीत. ती पेटीत, माळ्यावर किंवा सरकारी कोठारात पडून राहतात.

पडून राहिलेल्या रिव्हॉल्व्हरचं काय होतं? सगळ्यात आधी घात करतं ते चामड्याचं म्यान. आपल्याला वाटतं त्यात हत्यार सुरक्षित आहे. पण चामडं ओल धरतं आणि ते कमावताना वापरलेली रसायनं लोखंडाला लागतात. वंगण वाळून डिंकासारखं चिकट होतं. मग सिलिंडर फिरत नाही, चाप ओढला तरी घोडा अडतो. नळीच्या आतला गंज तर बाहेरून दिसतही नाही. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर त्याचा क्षार नळीत उरतो आणि तो हवेतलं पाणी ओढतो. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून त्या काळचे शिपाई गोळीबारानंतर नळीतून उकळतं पाणी ओतत, ती कोरडी करत आणि मगच तेल लावत.

तेलाने धातू वाचतो, पण त्याचा इतिहास वाचायला आणखी काही लागतं. १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरमध्ये साँडर्सवर पहिली गोळी झाडली ती आपल्या खेडच्या राजगुरूंनी. त्यांच्यामागून भगतसिंगांनी गोळ्या झाडल्या. भगतसिंगांचं .३२ बोअरचं कोल्ट पिस्तूल खटल्यानंतर फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात गेलं आणि तिथून इंदूरला, सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रशाळेत. गंज लागू नये म्हणून तिथल्या जुन्या हत्यारांना काळा रंग फासलेला होता. रंगाने पिस्तूल टिकलं, पण त्याचा नंबरही झाकला गेला. कित्येक वर्षं ते इतर हत्यारांत बिननावाचं पडून होतं. पंजाबातल्या एका पत्रकाराने खटल्याच्या कागदांतून नंबर शोधला, इंदूरला रंग खरवडला गेला आणि खालून आकडा निघाला: १६८८९६. आज ते हुसैनीवाला इथल्या संग्रहालयात आहे.

आता समजा, कुणी त्यावर आधीच पॉलिश पेपर फिरवला असता तर? पिस्तूल चकचकीत झालं असतं, पण ते कुणाचं हे कुणालाच सिद्ध करता आलं नसतं. म्हणूनच संग्रहालयात जुनं हत्यार नवं करत नाहीत. गंज वाढू नये एवढंच बघतात. मऊ कापड, हलकं तेल, कोरडी हवा. शिक्के, आकडे, मुठीवरचे ओरखडे जसेच्या तसे.

तुमच्या आजोबांच्या पेटीत असं काही निघालं, तर व्हिडिओ बघून ते खोलायला बसू नका. सिलिंडरमध्ये काडतूस असू शकतं आणि जुनं काडतूस केव्हा उडेल याचा भरवसा नसतो. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बिनपरवाना हत्यार घरात ठेवणं गुन्हा आहे, मग ते वारशाने आलेलं का असेना. त्याला हात न लावता पोलीस ठाण्याला कळवा. परवाना असेल तर परवानाधारक कारागिराकडेच दुरुस्ती करा आणि त्याला आधी बजावून सांगा: नंबर घासायचा नाही.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे आलं कुठून? जे सांगतील ते तारखेसह लिहून ठेवा. हत्यार सरकारजमा झालं तरी तो कागद घरात राहील. सीमेवरच्या या मुलखात १९४८ पाहिलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत.