वास्कोत जुनी छोटी कार घेताना : आधी गंज, मग किलोमीटर

जुनी कार पाहायला गेलेल्या ग्राहकाची नजर प्रथम मीटरवरील किलोमीटरकडे वळते. सडा, बायणा, खारीवाडा अशा समुद्रालगतच्या वस्त्यांत वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीबाबत हा क्रम उलटा असावा. छोट्या मोटारींना सहसा वेगळी चासी नसते. पत्र्याचा सांगाडाच सारा भार पेलतो. इंजिन दुरुस्त करता येते, खाऱ्या वाऱ्याने पोखरलेला सांगाडा मात्र क्वचितच पूर्ववत होतो.

हा गंज दर्शनी भागात दिसत नाही. पायांखालची चटई उचलावी, डिकीतील जादा चाक बाहेर काढून खालचा खळगा पाहावा, दारांच्या खालच्या कडांवरून बोट फिरवावे. चाकांवरील कमानी आणि शॉक अॅब्सॉर्बर जेथे बसतो तो भाग विशेष तपासावा. साधे लोहचुंबक सोबत ठेवल्यास उत्तम. पत्र्यावर जेथे ते चिकटत नाही, तेथे रंगाखाली पुट्टी भरलेली असण्याचा संभव असतो. नवा कोरा काळा थर दिलेला तळ पाहून समाधान मानण्याऐवजी गाडी लिफ्टवर चढवून घ्यावी.

इंजिन थंड असतानाच सुरू करावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत असल्याची खूण. सड्याचा चढ चढताना इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढला नाही, तर क्लच झिजला असे समजावे.

मारुती ८०० स्वस्त मिळते. पण तिचे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले आणि नोंदणीची १५ वर्षे बहुतेक गाड्यांची संपली आहेत किंवा संपत आली आहेत. पुढील नूतनीकरण तपासणीनंतर पाच वर्षांसाठीच होते. अल्टो किंवा वॅगनआर यांचे सुटे भाग सहज मिळतात, त्यामुळे खर्च आटोक्यात राहतो.

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे मिरवणारी ‘रेंट-अ-कॅब’ नंतर खासगी करून विकली जाते. अनेक पर्यटकांच्या हातून गेलेली अशी गाडी नोंदणीच्या इतिहासावरून ओळखावी.

मालकी हस्तांतरास नमुना २९ व ३०, बँकेचा बोजा उतरवण्यास नमुना ३५ लागतो. परराज्यातील गाडीसाठी ना हरकत प्रमाणपत्र हवे, शिवाय गोव्याचा रस्ता कर वेगळा. तो किमतीत धरूनच घासाघीस करावी. विमा स्वतःच्या नावे करण्यासाठी हस्तांतरापासून १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो.