अर्ध्या अश्वशक्तीची दुचाकी

मोटारसायकल म्हटली की मोठा कारखाना डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात अंतर्ज्वलन इंजिनावर चालणारी पहिली दुचाकी घरच्या कार्यशाळेत तयार झाली. जर्मनीतील कानश्टाट येथे गॉटलीब डाइमलर यांनी आपल्या बंगल्याच्या बागेतील काचघरात कार्यशाळा थाटली होती. तेथे विल्हेल्म मायबाख यांच्यासह त्यांनी १८८५ साली लाकडी सांगाड्यावर २६४ घन सेंटिमीटरचे इंजिन बसवले. तोल राहावा म्हणून दोन्ही बाजूंना एकेक छोटे चाक लावले. त्याच वर्षी नोव्हेंबरात डाइमलर यांचा मुलगा हिच्यावर बसून काही किलोमीटर गेला. प्रज्वलनाची तापलेली नळी बैठकीच्या खालीच होती. त्यामुळे वाटेत बैठकीने पेट घेतला, असे सांगतात.

या इंजिनाची शक्ती होती अवघी अर्धी अश्वशक्ती. आपल्याकडे मध्यम बांध्याचा एक बैल सतत काम करताना साधारण तेवढीच शक्ती देतो, असे मानतात. माणूस मात्र दीर्घकाळ श्रम करताना जेमतेम एक-दशांश अश्वशक्ती देऊ शकतो. माणूस, बैल आणि इंजिन यांचे हे प्रमाण ध्यानात ठेवून आपण खानदेशात येऊ.

जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांतील काळ्या जमिनीत कपाशी होते. पावसाने उघडीप दिली की वाफसा येतो आणि त्या मोजक्या दिवसांत कोळपणी उरकावी लागते. जमीन फार ओली असली तर माती पासेला चिकटते. फार सुकली तर पास आत शिरत नाही. सर्वांना एकाच वेळी बैल हवे असतात. ज्याच्या दावणीला जोडी नाही त्याची पाळी येईपर्यंत तण कपाशीवर चढलेले असते. बरे, जोडी बाळगावी तर तिला वर्षभर चारा घालावा लागतो. दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला हे झेपत नाही.

जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णीचे शेतकरी गोपाळ मल्हारी भिसे यांच्यापुढे हीच अडचण होती. त्यांनी सायकलचे पुढचे चाक, फोर्क आणि हँडल घेतले, त्यांना मागे कोळपणीचे अवजार जोडले आणि 'कृषिराजा' तयार केला. याला बैल लागत नाही, इंजिनही नाही. माणूस हँडल धरून तो पुढे ढकलतो. एक-दशांश अश्वशक्तीत हे साधते कसे? अवजाराचा बराचसा भार चाक पेलते, आणि घासण्यापेक्षा गडगडण्यात विरोध पुष्कळ कमी असतो. पास अरुंद असून उथळ चालते. त्यामुळे माणसाचा जोर मुख्यतः माती कापण्याकडे लागतो. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने या अवजाराची दखल घेतली.

शेजारच्या गुजरातेत अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगाणी यांनी उलट वाट धरली. तेथेही दुष्काळाच्या काळात बैलांची चणचण होती. १९९४ च्या सुमारास त्यांनी बुलेट मोटारसायकलचे मागचे चाक काढून तेथे दोन चाके आणि औताचा दांडा बसवला. ही 'बुलेट सांती' नांगरते, पेरते आणि कोळपतेही. तिला २००५ साली अमेरिकेचे पेटंट मिळाले.

रस्त्यावर धावणारे यंत्र औत कसे ओढते, हे शक्तीच्या सूत्रावरून कळते. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. तीच शक्ती ताशी ४० किलोमीटरऐवजी ४ किलोमीटर वेगाने वापरली, तर घर्षणातील तोटा सोडल्यास दसपट ओढ मिळते. गिअर हेच काम करतो.

डाइमलर यांनी सायकलीसारख्या सांगाड्यात इंजिन घातले, भिसे यांनी सायकलीचा अर्धाच भाग ठेवला, जगाणी यांनी मोटारसायकलचा मागचा भाग बदलला. तिघांपुढे प्रश्न एकच होता: या कामाला किती शक्ती पुरे? बैल परवडत नसलेल्या घरात याच्या उत्तरावर हंगाम अवलंबून असतो.

हा प्रश्न वर्गातही सोडवता येईल. विटांनी भरलेले खोके तनकाट्याने आधी जमिनीवरून ओढावे, मग तेच खोके चाकांच्या पाटावर ठेवून ओढावे. दोन्ही आकडे मुलांनी फळ्यावर मांडले, की कृषिराजाला चाक कशासाठी, हे वेगळे शिकवावे लागणार नाही.