दिनविशेष : 2 जुलै
उरलेल्या गाण्यांचा अल्बम

2002 : कॅलिफोर्नियातल्या ‘ग्रीन डे’ या पंक बँडचा ‘शेनॅनिगन्स’ हा अल्बम प्रकाशित झाला. सिंगलच्या मागच्या बाजूला पडून राहिलेली आणि इकडेतिकडे विखुरलेली गाणी त्यात एकत्र केली होती. चौदा गाण्यांत खास नवं असं एकच, ‘हा हा यू आर डेड’. ‘रामोन्स’, ‘द किंक्स’ आणि ‘फँग’ या बँडची प्रत्येकी एक रचनाही बिली जो आर्मस्ट्राँग, माइक डर्न्ट आणि ट्रे कूल या ‘ग्रीन डे’च्या तिघांनी आपल्या ढंगात वाजवली आहे. ‘एस्पिओनाज’ तर निव्वळ वाद्यसंगीत, ‘ऑस्टिन पॉवर्स’ चित्रपटमालिकेत वापरलेलं.

असे अल्बम बहुधा कंपनीच्या हिशेबासाठी आणि कट्टर चाहत्यांसाठी निघतात. हाही फार वेगळा नाही. तरी चित्रपटातून गळालेलं गाणं रेकॉर्डवर शोधणाऱ्या आपल्याकडच्या शौकिनांना त्यातली गंमत सांगायला नको. पंकमध्ये तर घाईत वाजवलेलं, कडा न घासलेलं गाणंच कधी कधी जास्त खरं वाटतं.

गंमत पुढेच आहे. 2003 मध्ये पुढच्या अल्बमच्या मूळ टेप चोरीला गेल्याचं बँडने सांगितलं. तीच गाणी पुन्हा मुद्रित करण्याऐवजी तिघांनी नव्याने सुरुवात केली आणि सप्टेंबर 2004 मध्ये ‘अमेरिकन इडियट’ आला. भारतातल्या चाहत्यांना मात्र हा बँड प्रत्यक्ष ऐकायला मार्च 2025 पर्यंत थांबावं लागलं; मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर, ‘लोलापलूझा’ महोत्सवात.