कोपऱ्यातील साठ सेकंद

मुष्टियुद्धाची लढत दोघांचीच असते, असे प्रेक्षकाला वाटते. प्रत्यक्षात फेरी संपल्याची घंटा वाजताच दोन्ही कोपऱ्यांत आणखी काही माणसे चढतात, एक मिनिटभर काम करतात आणि पुन्हा खाली उतरतात. या साहाय्यकांना ‘कॉर्नरमन’ म्हणतात. कुस्तीच्या हौद्याबाहेर उभा राहणारा वस्ताद मराठी वाचकांना परिचित आहे. कॉर्नरमनचे आपल्या खेळाडूशी असलेले नाते तसेच असते; मात्र त्याचे काम घड्याळाने बांधलेले असते. 1867 मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांनी तीन मिनिटांची फेरी आणि एक मिनिटाची विश्रांती ठरवून दिली. महिलांच्या व्यावसायिक लढतींत फेरी बहुधा दोन मिनिटांची असते. विश्रांती मात्र एकच मिनिट. या मिनिटाचा उपयोग कसा होतो, यावर अनेक लढतींचा निकाल आणि काही वेळा खेळाडूचे आयुष्यही अवलंबून राहिले आहे.

मिनिटाची वाटणी

कोपऱ्यात साधारणतः तीन ते चार जण असतात. त्यांपैकी एक मुख्य साहाय्यक, बहुधा प्रशिक्षकच. दुसरा जखमा पाहणारा ‘कटमन’ आणि उरलेले पाणी, बर्फ, बादली व स्टूल सांभाळणारे. बहुतेक नियामक मंडळांच्या नियमांनुसार एका वेळी एकानेच दोरांच्या आत जायचे असते. त्यामुळे कोणी आत जायचे, कोणी दोरांबाहेरून हात चालवायचा, हे आधीच ठरलेले असावे लागते.

घंटा वाजण्यापूर्वीच स्टूल हातात तयार असते. खेळाडू बसला की माउथगार्ड काढून धुतला जातो, कमरेचा पट्टा पुढे ओढून पोट मोकळे केले जाते, मानेवर बर्फ ठेवला जातो. पाणी एक-दोन घोटच द्यायचे. पोटभर पाणी पोटावरच्या ठोशांपुढे त्रासदायक ठरते. सुरुवातीचे काही क्षण श्वासासाठी राखून ठेवणे हे जाणकार कोपऱ्याचे लक्षण मानले जाते. धापा टाकणाऱ्या माणसाच्या कानावर शब्द पडतात, मनात उतरत नाहीत. पुढची फेरी सुरू होण्याच्या दहा सेकंद आधी इशारा होतो आणि साहाय्यकांना बाहेर पडावे लागते. म्हणजे प्रत्यक्ष बोलण्यासाठी जेमतेम अर्धे मिनिट उरते.

जखम आणि सूज

भुवईवरील जखम आकाराने लहान असली तरी घातक ठरू शकते, कारण रक्त डोळ्यात उतरते आणि समोरचा ठोसा दिसत नाही. कटमन प्रथम रक्त पुसून जखमेचे नेमके तोंड शोधतो, तेथे अ‍ॅड्रेनलिनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा घट्ट दाबून धरतो आणि शेवटी व्हॅसलिनचा थर लावतो. त्यामुळे हातमोजा कातडीवरून घसरतो व जखम वाढत नाही. दाब मध्येच सोडून ‘रक्त थांबले का’ हे पाहत राहणे ही नवख्याची चूक होय.

सुजेसाठी लहानशा इस्त्रीसारखा दिसणारा धातूचा तुकडा बर्फात ठेवलेला असतो. तो सुजेवर स्थिर दाबायचा असतो. त्याने सूज बाजूला सरकवू पाहणे अपायकारक असते. नाकाला मार लागला असेल, तर नाक शिंकरू नये अशी ताकीद दिली जाते. डोळ्याभोवतीचे हाड मोडले असल्यास शिंकरण्याने हवा आत शिरून डोळा सुजून बंद होऊ शकतो.

तयारीत कसूर झाली तर काय होते, याचे उदाहरण 11 फेब्रुवारी 1990 रोजी टोकियोत दिसले. बस्टर डग्लसविरुद्धच्या लढतीत माइक टायसनचा डोळा सुजत गेला; परंतु त्याच्या कोपऱ्यात हे साधे साधनही नव्हते. रबरी हातमोजात थंडगार पाणी भरून तो डोळ्यावर धरण्याची वेळ आली. दहाव्या फेरीत टायसन हरला. त्या पराभवाला इतरही कारणे होती; पण जगज्जेत्याच्या कोपऱ्याची ती उणीव आजही सांगितली जाते.

मोजके बोलणे

कॉर्नरमनचे खरे काम विश्रांतीपूर्वीच्या तीन मिनिटांत सुरू होते. प्रतिस्पर्धी ठोसा मारून हात खाली आणतो का, कोणत्या बाजूला सरकतो, आपला खेळाडू कशाने दमत आहे, हे त्याला टिपावे लागते. मग त्या दहा गोष्टींतून एक किंवा दोनच निवडून सांगायच्या. ‘जिद्द ठेव’ असे मोघम सांगण्यापेक्षा ‘डाव्या हाताने सुरुवात कर आणि उजवीकडे सरक’ असे सांगणे उपयोगी पडते. एका वेळी एकानेच बोलावे, हाही अलिखित नियम आहे. तीन तोंडांनी तीन सल्ले आले की खेळाडू एकही पाळत नाही.

आवाजाची पट्टी माणूस आणि प्रसंग पाहून बदलते. 16 सप्टेंबर 1981 रोजी लास व्हेगास येथे शुगर रे लिओनार्ड आणि थॉमस हर्न्स यांची पंधरा फेऱ्यांची लढत झाली. बाराव्या फेरीनंतर प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी लिओनार्डला खोटा धीर दिला नाही. लढत हातची जात आहे, असे स्पष्ट सुनावले. तिन्ही परीक्षकांच्या गुणपत्रिकांवर हर्न्स खरोखरच पुढे होता. लिओनार्डने तेराव्या फेरीत चित्र पालटले आणि चौदाव्या फेरीत पंचांनी लढत थांबवून त्याला विजयी घोषित केले.

ढकलणे आणि थांबवणे

याच डंडी यांनी 25 फेब्रुवारी 1964 रोजी मायामी बीच येथे वेगळा निर्णय घेतला होता. सोनी लिस्टनविरुद्ध चौथ्या फेरीनंतर कॅशियस क्ले, म्हणजेच पुढचा मुहम्मद अली, डोळ्यांची आग असह्य होऊन हातमोजे काढा म्हणत होता. डंडी यांनी डोळे धुतले आणि त्याला पाचव्या फेरीसाठी पुढे ढकलले. काही वेळाने दृष्टी निवळली. सातव्या फेरीसाठी लिस्टनच उठला नाही. मात्र 2 ऑक्टोबर 1980 रोजी लॅरी होम्सपुढे वयस्क अली केवळ मार खात होता, तेव्हा दहाव्या फेरीनंतर डंडी यांनी लढत थांबवली. कोपऱ्यातील एका सहकाऱ्याचा विरोध असूनही मुख्य साहाय्यकाचा अधिकार त्यांनी वापरला. पहिल्या प्रसंगी त्रास तात्पुरता होता, दुसऱ्या प्रसंगी शक्तीच संपली होती. हा भेद ओळखणे हीच कॉर्नरमनची कसोटी.

या कसोटीचे सर्वांत गाजलेले उदाहरण 1 ऑक्टोबर 1975 चे. मनिला येथील अलीविरुद्धच्या तिसऱ्या लढतीत चौदा फेऱ्यांनंतर जो फ्रेझियरला सुजलेल्या डोळ्यांमुळे ठोसे दिसेनासे झाले होते. तीनच मिनिटे उरली असताना, फ्रेझियर विरोध करीत असताना प्रशिक्षक एडी फच यांनी माघार घेतली.

असा निर्णय नेहमीच गौरवला जातो असे नाही. 22 फेब्रुवारी 2020 रोजी टायसन फ्युरीविरुद्ध सातव्या फेरीत मार्क ब्रेलंड यांनी डिओंटे वाइल्डरच्या वतीने टॉवेल टाकला. वाइल्डरने उघड नाराजी व्यक्त केली आणि पुढे ब्रेलंड यांना त्याचा कोपरा सोडावा लागला. निर्णय घेऊनही यश येईलच, याचीही हमी नसते. जुलै 2019 मध्ये अमेरिकेत मॅक्सिम दादाशेव याला प्रशिक्षक बडी मॅकगर्ट यांनी अकराव्या फेरीनंतर लढत थांबवू देण्यासाठी विनवले. त्याने नकारार्थी मान हलवली, तरी त्यांनी लढत थांबवली. मेंदूला झालेल्या दुखापतीने चार दिवसांनी त्याचा मृत्यू झाला.

म्हणूनच प्रत्येक विश्रांतीत खेळाडूचे डोळे, पाय आणि उत्तरे तपासली जातात. कितवी फेरी, हे त्याला सांगता येते का? तोच प्रश्न तो पुन्हा विचारतो का? डोके दुखत असल्याची तक्रार करतो का? घेतलेल्या ठोशांना उत्तर देतो का? ‘मी ठीक आहे’ हे त्याचे शब्द मात्र पुरावा मानले जात नाहीत, कारण प्रत्येक लढवय्या तेच म्हणतो.

विश्वासाचा प्रश्न

या अधिकाराचा गैरवापरही झाला आहे. 16 जून 1983 रोजी न्यूयॉर्कमध्ये लुईस रेस्टोच्या हातमोजांतील भरण काढलेले आढळले. प्रतिस्पर्धी बिली कॉलिन्सची कारकीर्द डोळ्यांच्या इजेमुळे तेथेच संपली. रेस्टो आणि त्याचे प्रशिक्षक पनामा लुईस यांना न्यायालयाने शिक्षा ठोठावली.

उत्तम कॉर्नरमन बहुधा प्रेक्षकांच्या लक्षात राहत नाही. त्याने दाबून धरलेली जखम दिसत नाही आणि योग्य वेळी थांबवलेल्या लढतीत पुढे काय घडले असते, हेही कोणाला कळत नाही. खेळाडूच्या अंगात आणखी एका फेरीची जिद्द असते. ती फेरी त्याला द्यायची की नाही, हे ठरवण्याचे ओझे मात्र दोरांबाहेर उभ्या असलेल्या माणसालाच वाहावे लागते.